पाच आठवडे अडकलेला शब्द

आमच्या शाळेत भाषा शिकवणारे दोन जण एकाच आडनावाचे होते आणि त्या दोघांत विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. त्यातली एक माझी वहिनी, दुसरा मी. विळा कोण आणि भोपळा कोण याची घरी कधी उघड चर्चा झाली नाही, पण पानावर बसल्यावर वहिनी माझ्याकडे ज्या नजरेने बघायची त्यावरून अंदाज यायचा.

नोकरी मला वहिनीने लावली. हे वाक्य मी एकदाच लिहितो, कारण ऐकलं पुष्कळदा आहे. पदवी घेऊन मी दादाकडे दोन-चार दिवसांसाठी आलो होतो. आठव्या महिन्यात वहिनी मोठ्या सरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, माझा दीर आहे, शिकलेला आहे, निरुपद्रवी आहे. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यांनी शेवटच्या शब्दावर विसंबून मला एक वर्षासाठी घेतलं. वर्षाच्या शेवटी विभागप्रमुखाने वर्गात बसून माझा तास पाहायचा, फॉर्म भरायचा, आणि त्यावरून मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. भाषा विभागाची प्रमुख वहिनीच. त्यावेळी आम्ही बोलत होतो, त्यामुळे मला यात काही वावगं दिसलं नाही.

मोठ्या सरांच्या डोक्यात त्या वर्षी शब्दसंपत्तीचं खूळ होतं. दहावीच्या एका मुलाने रजेच्या अर्जात ‘आजोबांच्या हार्दिक निधनामुळे’ असं लिहिलं होतं. सरांनी तो अर्ज चौकटीत बसवून शिक्षकांच्या खोलीत टांगला, आजोबांच्या नावावर फक्त पट्टी चिकटवली. मुलांना शब्द येत नाहीत, शब्द आणा, असा आदेश निघाला आणि आम्हा सगळ्यांना शनिवारी एका कार्यशाळेला बसवलं.

वहिनीची पद्धत सोळा वर्षं जुनी होती. शब्द, पुढे अर्थ, दहा वेळा, निळ्या शाईत, समास सोडून. सातवी ‘अ’ची मुलं मान खाली घालून लिहायची आणि वर्गात फक्त कागद खरखरल्याचा आवाज यायचा, उंदरांनी सामूहिक उपोषण सोडल्यासारखा. तिची मुलं परीक्षेत कधी नापास झाली नाहीत. शब्द मात्र ती परीक्षेच्या हॉलमध्येच ठेवून यायची.

कार्यशाळेत बोलायची पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “दहा वेळा लिहिलेला शब्द लक्षात राहत नाही, दुखलेलं बोट लक्षात राहतं.”

चांगला हशा पिकला. पाणी द्यायला आलेला शिपाईसुद्धा हसला. वहिनी दुसऱ्या रांगेत बसली होती. ती हसली नाही. तिने वही काढली आणि माझं वाक्य लिहून घेतलं, एकदाच.

त्या दिवसापासून घरी ती माझ्याशी बोलेना. सगळा व्यवहार दादामार्फत. दादा चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतो. दिवसभर ‘हे स्पष्ट दिसतं, की हे?’ असं लोकांना विचारतो आणि घरी आल्यावर स्वतः काहीच बघत नाही. वहिनी म्हणायची, तुमच्या भावाला विचारा, अजून वाढायचं का. मी म्हणायचो, वहिनींना सांग, पुरे. दादा दोन्हीकडे मान हलवायचा आणि आमच्या दोघांच्या मधली मीठदाणी उचलून स्वतःला मीठ घ्यायचा. त्याला रक्तदाबामुळे मीठ मना होतं. शाळेत मात्र नाइलाज होता. तिथे ती मला ‘सर’ म्हणायची, मी तिला ‘मॅडम’, आणि दोघंही ते अशा सुरात म्हणायचो की नवीन माणसाला शिवी वाटावी.

आता माझी पद्धत. कार्यशाळेत तोंड उघडून बसल्यामुळे मला एक पद्धत असणं भाग होतं.

माझ्याकडे सातवी ‘ब’. मी पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक चिठ्ठीवर धड्यामागच्या शब्दार्थांतला एक शब्द. सोमवारी प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, आणि आठवडाभर तेच त्याचं नाव. हजेरीसुद्धा त्याच नावाने. शनिवारी वर्गासमोर खटला चालायचा. तो पोरगा किंवा पोरगी त्या शब्दासारखी खरोखर कधी वागली, असा एक खराखुरा प्रसंग सांगायचा, दोन साक्षीदार आणायचे, मग हात वर करून मतं. बहुमत झालं तर शब्द सुटला, चिठ्ठी भिंतीवर, सोमवारी नवा शब्द. नाही झालं तर तोच शब्द आणखी एक आठवडा वागवायचा. एक सवलत होती: तो शब्द वर्गात हजर असलेल्या दुसऱ्या कुणाला जास्त शोभतोय असं सिद्ध करता आलं, तर त्याच्या गळ्यात घालून आपण मोकळं व्हायचं.

पहिल्याच महिन्यात वर्गाने शब्दांचा नुसता फडशा पाडला. ‘भिडस्त’ झालेली मुलगी दोन दिवस भलत्याच तुकडीत बसून आली, कारण तिथल्या शिक्षकांनी तिला ‘बस’ म्हटलं आणि तिला नाही म्हणवेना. ‘निर्ढावलेला’ पहिल्या बाकावर डबा उघडून जेवला आणि मला लोणचं हवंय का विचारलं. ‘दीर्घसूत्री’ हा शब्द त्यांनी शिपायाच्या गळ्यात मारला. तातडीची सूचना घेऊन तो समोरच्या खोलीतून निघाला होता आणि आमच्याकडे पोचला तेव्हा सूचनेतली सभा संपली होती. शिपाई कित्येक दिवस तो शब्द अभिमानाने सांगत फिरला, त्याला वाटलं काहीतरी आयुष्याबद्दल आहे.

तक्रारीही आल्या. ‘कंजूष’ची आई तणतणत आली. म्हणाली, आमचं पोर असलं नाही, आणि पुरावा म्हणून अख्ख्या वर्गाला चॉकलेटं वाटली. वर्गाने चॉकलेटं खाल्ली आणि अडतीस विरुद्ध एक मतांनी तिला ‘अगतिक’ ठरवलं. एक मत तिच्या मुलाचं. वहिनीने शिक्षकांच्या खोलीत चहा ढवळत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की काही वर्गांत भाषा शिकवतात आणि काही वर्गांत चावडी भरते. मी म्हणालो, चावडीवर निदान लोक बोलतात. पुढे तिथे कुणी साखर मागितली तरी सगळे दचकायचे.

एक शब्द मात्र अडकला. ‘कृतघ्न’.

तो आला होता खिडकीजवळच्या एका मुलीकडे, आणि ती मुलगी म्हणजे आभारांचा झरा होती. पेन खाली पडलं आणि कुणी उचलून दिलं तर ती आभार मानायची, कुणी नाही दिलं तर स्वतः उचलून बाकाचे मानायची. पहिल्या शनिवारी वर्गाकडे तिच्याविरुद्ध काही नव्हतं. दुसऱ्या शनिवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने मनापासून प्रयत्न केला. मैत्रिणीकडून पेन्सिल घेतली आणि एक शब्द न बोलता निघून आली. मधल्या सुट्टीत रडत परत गेली, पेन्सिल दिली, सोबत एक नवीन पेन्सिल दिली, आणि वर माफीची चिठ्ठी. चौथ्या आठवड्यात मैत्रिणींनी तिच्यावर खोटा आळ घ्यायचं ठरवलं, तर तिने त्यांचे आभार मानले. पाचव्या आठवड्यात तिची हजेरी घेताना माझीच जीभ अडखळायला लागली. “कृतघ्न?” म्हटलं की एक बारीक आवाज यायचा, “हजर, सर. थँक्यू.”

आणि नेमक्या त्याच आठवड्यात पाठनिरीक्षणाची तारीख लागली.

अटी मोठ्या सरांनी स्वतः लिहिल्या होत्या. निरीक्षकाने दहा शब्द विचारायचे. प्रत्येक शब्दापुढे ‘समजला’ किंवा ‘समजला नाही’. आठ समजले तर शिक्षक कायम. सात असले तर शुभेच्छा. शब्द समजला हे कशावरून ठरवायचं? तर शिक्षकाने आपल्या टाचणात, म्हणजे तासाच्या आधी लिहून द्यायच्या आराखड्यात, जे उद्दिष्ट लिहिलं असेल त्यावरून. माझ्या टाचणात लिहिलं होतं: ‘विद्यार्थी शब्द योग्य व्यक्तीला, पुराव्यानिशी व बहुमताने लावतील.’ वहिनीला हे वाक्य खुपलं, पण टाचणात असेल तेच तपासायचं, त्याबाहेर एक टिंब नाही, हा नियम सोळा वर्षं तीच आम्हा सगळ्यांच्या डोक्यात ठोकत आली होती. स्वतःचा नियम मोडण्यापेक्षा तिने स्वतःचं बोट मोडलं असतं.

आदल्या रात्री जेवताना ती दादाला म्हणाली, तुमच्या भावाला सांगा, उद्या मी फक्त निरीक्षक आहे. मी दादाला म्हणालो, सांग त्यांना, मला दुसरी अपेक्षाच नव्हती. दादा म्हणाला की आज एका गिऱ्हाइकाला दोन्ही डोळ्यांनी एकच अक्षर वेगवेगळं दिसलं. 

दुसऱ्या दिवशी चौथ्या तासाला वहिनी सातवी ‘ब’मध्ये आली, शेवटच्या बाकावर बसली, फॉर्म ठेवला, पेनाचं टोपण काढून मागे लावलं. अडतीस मुलं हजर होती. सगळी उठून ‘नमस्ते, बाई’ म्हणाली. ती म्हणाली, बसा.

सुरुवात चांगली झाली. ‘हेकट’ विचारल्याबरोबर वर्गाने वर्गप्रमुख मुलीकडे बोट केलं. आपली खुर्ची दुसऱ्या कुणी घेतली म्हणून ती अख्खा तास भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. साक्षीदार: सगळे. ‘समजला.’ ‘भिडस्त’, ‘अगतिक’, ‘चिकित्सक’, झटाझट. वहिनी प्रत्येक वेळी ‘समजला’ असं लिहायची, जणू तिच्या दाढेतून कुणीतरी ते ओढून काढतंय.

‘निःस्पृह’ला गाडी अडली. ज्याला कशाचीच हाव नाही असा माणूस शोधायला वर्गाने चारही बाजूंना पाहिलं, माझ्यावर नजर क्षणभर थांबली, आणि पुढे गेली. ‘समजला नाही.’ ‘सोशिक’ला त्यांनी एकमताने डस्टर निवडलं. साक्षीदार पंधरा होते, पुरावा जबरदस्त होता, पण टाचणात ‘व्यक्ती’ लिहिलं होतं. वहिनीने ‘व्यक्ती’ या शब्दावर पेन आपटून मला दाखवलं. ‘समजला नाही.’

नऊ शब्द झाले. सात समजले होते, दोन नाही. माझं पुढचं आयुष्य दहाव्या शब्दावर आलं.

वहिनीने यादीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “कृतघ्न.”

अडतीस माना खिडकीकडे वळल्या. ती मुलगी उठली आणि म्हणाली, “सॉरी, बाई. माझ्याकडून अजून झालं नाही.”

वहिनीचं पेन रकान्यावर टेकलं. तिने तेव्हाच दोन शब्द लिहून टाकले असते, तर मी त्याच दुपारी बेकार झालो असतो आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण महिनोन् महिने मीठदाणीआडून बोलणाऱ्या माणसाला एकदम अडतीस श्रोते मिळाले की त्याचं काय होतं, ते सांगता येत नाही. तिने पेन उचललं आणि म्हणाली, “आश्चर्य आहे. इतकं ठळक उदाहरण रोज फळ्यासमोर उभं असून दिसत नाही.”

वर्गाने माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे पाहिलं.

वर्गप्रमुख मुलगी उठली. ती हेकट असल्यामुळे खटले तीच चालवायची. तिने शांतपणे सांगितलं की बाई, असं नुसतं म्हणून चालत नाही, पुरावा लागतो, आणि दोन साक्षीदार.

वहिनी उठून पुढे आली. तिने पुरावा दिला. खरं सांगायचं तर सुंदर दिला. दोन-चार दिवसांसाठी आलेला माणूस, त्याला दिलेली खोली, दोन वेळचं जेवण, धुतलेले कपडे, मोठ्या सरांपुढे टाकलेला शब्द, आणि मग त्याच माणसाने भर कार्यशाळेत तिच्या सोळा वर्षांच्या कामावर पिकवलेला हशा. माझं ते बोटाचं वाक्य तिने वहीतून वाचून दाखवलं. शेवटी म्हणाली, “खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात याला.” मागून एकाने प्रामाणिकपणे विचारलं, किती होते. मी सांगितलं की स्लॅबचं घर आहे, वासे नाहीत. त्यावर वर्गप्रमुखाने मला गप्प केलं, आरोपीची पाळी अजून यायची होती. साक्षीदार म्हणून शिपायाला बोलावलं. त्याने हशा पिकल्याचं मान्य केलं आणि त्यात आपलाही सहभाग होता हे खाली मान घालून सांगितलं. दुसरी साक्ष वहीची धरली.

मग माझी पाळी.

माझा बचाव जिभेवर तयार होता. गेले कित्येक महिने मी तो आंघोळ करताना पाठ करत होतो. मी तोंड उघडलं, आणि माझी नजर वहिनीच्या बाकावरच्या फॉर्मकडे गेली. सात. रकाना कोरा. मी हा खटला जिंकलो, तर शब्द कुणालाच लागणार नव्हता. कुणाला लागला नाही, तर समजला नाही. म्हणजे मी निर्दोष, आणि घरी.

मी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणालो, “बाई म्हणतायत ते खरं आहे. उलट कमीच आहे.”

वर्गात कुजबुज झाली. मी पुढे बोलत सुटलो. मी सांगितलं की वहिनी आजारी असताना मी तीन दिवस भांडी घासली हे खरं, पण त्यात तिचे दोन आवडते कप फोडले आणि दोष मांजरावर ढकलला. मांजर शेजाऱ्यांचं होतं आणि त्या आठवड्यात गावाला गेलं होतं. तिच्या चांगल्या टॉवेलने मी पावसाळी बूट पुसतो. आईला फोनवर मी सांगितलं आहे की इथे जेवण तुटपुंजं मिळतं, आणि ते सांगताना तोंडात घास होता.

‘तुटपुंजं’ ऐकून दोन-तीन जणांनी कौतुकाने मान डोलावली, तो शब्द त्यांनी मागच्याच महिन्यात सोडवला होता.

वहिनी माझ्याकडे बघत होती. आधी तिच्या चेहऱ्यावर नुसता विजय होता. मग तिची नजर फॉर्मवर गेली, पुन्हा माझ्यावर आली. ती हुशार आहे, हे मी कधीच नाकारलं नाही, फक्त कबूल केलं नाही. दोन सेकंद लागले.

“थांबा,” ती म्हणाली. “मला माझ्या साक्षीत दुरुस्ती करायची आहे.”

आणि माझी वहिनी माझं कौतुक करायला लागली.

कप जुने होते, म्हणाली. टॉवेल तर टाकायलाच काढला होता. आईशी मुलगा काहीबाही बोलतोच, त्यात प्रेम असतं. सर रोज पहाटे उठून पाणी भरतात. सरांनी तिच्या औषधांसाठी एकदा भर उन्हात तीन दुकानं पालथी घातली. हे खरं होतं, पण मी चौथ्या दुकानाऐवजी सिनेमाला गेलो होतो. मी ते लगेच सांगितलं. ती म्हणाली, तरुण माणूस आहे, थकला असेल. मी म्हणालो, सिनेमा तीन तासांचा होता. ती म्हणाली, औषध तितकं तातडीचं नव्हतं. तिला त्या दिवशी एकशे तीन ताप होता.

माझ्या वीस महिन्यांच्या गुन्ह्यांना दहा मिनिटांत माफी मिळाली, आणि त्यातली एकही मला नको होती. वर्गाची डोकी एकदा इकडे, एकदा तिकडे. माझ्या तासाला इतकं लक्ष कधीच नव्हतं. मला दिसत होतं की पोरं तिच्या बाजूला झुकतायत. ती आपला आरोप गिळून इतकं गोड बोलत होती की माझ्यासारख्या माणसाबद्दल मलाच बरं वाटायला लागलं होतं.

तेव्हा मी डबा उचलला.

हे मी सांगणार नव्हतो. पण सात म्हणजे सात. मी एक चिठ्ठी काढली, उलटी केली आणि वर्गप्रमुखाला दिली. एका बाजूला माझ्या अक्षरात शब्द. दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत, वळणदार, अर्धवट कापलेलं: ‘उद्दिष्ट: विद्यार्थ्यांना नवीन श’. मी सांगितलं की वहिनीच्या पहिल्या वर्षापासूनच्या टाचणवह्या घरी कपाटावर बांधून ठेवल्या होत्या. चिठ्ठ्यांसाठी जाड कागद हवा होता. मी त्यातल्या तीन वह्या कापल्या. गाठ पुन्हा होती तशी बांधली.

वहिनीने हात पुढे केला. वर्गप्रमुखाने चिठ्ठी तिला दिली. तिने ती वाचली. डब्यातून दुसरी काढली, वाचली. तिसरी काढली आणि बराच वेळ नुसती धरून उभी राहिली. आमच्यात इतके दिवस जे चाललं होतं ते बरंचसं आवडीने चाललं होतं, हे मला तेव्हा कळलं, कारण आता जे तिच्या डोळ्यांत आलं ते वेगळं होतं. मला वाटलं, जिंकलो. वाटून फार बरं वाटलं नाही.

तिने तिन्ही चिठ्ठ्या नीट घड्या घालून पर्समध्ये ठेवल्या.

“रद्दी होती,” ती म्हणाली. आवाज सरळ होता. “मी टाकणारच होते.”

“खरंच, बाई?” खिडकीजवळच्या मुलीने विचारलं.

“मी वर्गात खोटं बोलते का?”

वर्गप्रमुखाने मतदान पुकारलं.

सर कृतघ्न आहेत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. हात वर गेले. पाच आठवडे तो शब्द वागवणाऱ्या मुलीचा हात सगळ्यात आधी आणि सगळ्यात उंच, ती बाकावर चढली होती. वर्गप्रमुखाने दोनदा मोजलं. एकोणीस. मग उलट बाजू. एकोणीस.

समसमान झालं तर वर्गातल्या वयाने सर्वांत मोठ्या माणसाने मत द्यायचं, असा नियम मुलांनीच केला होता. एरवी तो माणूस मी असायचो. पण मी आरोपी होतो, शिपाई त्याच्या स्टुलावर परत गेला होता, आणि वहिनी माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे.

“बाई,” वर्गप्रमुख म्हणाली, “तुमचं मत.”

वहिनीने हात खाली ठेवला की माझी नोकरी गेली. तिला कुणाला काही समजावायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं, टाचणाबाहेर एक टिंब जायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं, आणि मग लक्षात आलं की बांधून न्यायचं कुठे. माझ्याकडे दुसरी जागाच नव्हती.

हे तिच्याही लक्षात आलं असावं. कारण ती दोन पावलं जवळ आली आणि खालच्या आवाजात, दादाला मध्ये न घेता, म्हणाली, “भावजी, नापास झालात तर राहणार कुठे?”

“तुमच्याकडेच,” मी म्हणालो.

“आणि कायम झालात तर?”

“खोली बघेन.”

“कधी?”

“लगेच.”

तिने माझ्याकडे पाहिलं. वीस महिन्यांचं जेवण, टॉवेल, कप आणि कापलेल्या वह्या तिच्या डोळ्यांपुढून एका ओळीत गेल्या असाव्यात, आणि त्यांच्यामागे, न संपणारी, पुढच्या वर्षांची रांग.

वहिनीने हात वर केला. खांद्यापासून सरळ, शाळेच्या पहिल्या दिवशी शिकवतात तसा.

“वीस विरुद्ध एकोणीस,” वर्गप्रमुख म्हणाली. “शब्द सरांना लागला.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण एकटाच न वाजवता उभा राहिलो असतो तर वाईट दिसलं असतं.

वहिनी मागच्या बाकावर गेली, बसली आणि दहाव्या शब्दापुढे लिहिलं: ‘समजला.’ मग खाली, शेऱ्याच्या चौकटीत, चार ओळी लिहिल्या. फॉर्म आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. शिक्षकाने वाचून ‘मान्य’ म्हणून सही करायची असते. मी वाचलं. ‘पद्धत असभ्य आहे. परिणाम नाकारता येत नाही. शिक्षकाने स्वतःचं उदाहरण देऊन शब्द स्पष्ट केला व त्यात कुठेही अतिशयोक्ती केली नाही. कायम करण्यास हरकत नाही.’

मी सही केली.

तास संपल्याची घंटा झाली. मुलं डबे काढायला लागली. वहिनीने फॉर्म उचलला, पेन घेतलं, टोपण लावलं. दारापर्यंत गेल्यावर ती थांबली.

“पहिल्या तारखेपर्यंत,” ती म्हणाली. “आणि राहिलेल्या तेरा वह्यांना हात लावायचा नाही.”

मी बरं म्हणालो. ती शिक्षकांच्या खोलीकडे गेली, आणि मी खोल्यांच्या जाहिराती बघायला ग्रंथालयात गेलो.